आईच्या पाटल्या राहू देत, आधी बंब कर

ताई, मी कागलची. अकरावी सायन्सला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती. मला व्हिडिओ गेमसाठी आर्टिस्ट व्हायचंय. एका खासगी संस्थेने साडेचार लाख फी सांगितली, शंभर टक्के नोकरीची हमी देतात, महिनाअखेर ॲडव्हान्स भरला तर सूट. पप्पा म्हणतात, इंजिनिअरिंग कर, चित्रं रविवारी काढ. आई पाटल्या मोडायला तयार आहे. काय करू?
— चित्रवेडी

चित्रवेडी,

आधी आईला सांग, पाटल्या पेटीत ठेव. महिनाअखेरची घाई त्या संस्थेला आहे. तुझ्या हातात अजून वर्षभर आहे. शंभर टक्के हमी या धंद्यात कुणीच देऊ शकत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली, त्यात मुरलेले आर्टिस्टही होते. पप्पांची भीती खोटी नाही, हे मान्य करूनच त्यांच्याशी बोलायला बस.

'गेम आर्टिस्ट' लिहिलंस, पण त्यातली कोण? पात्रं घडवणारे वेगळे, वस्तू आणि परिसर उभारणारे वेगळे, स्क्रीनवरची बटणं-चिन्हं करणारे वेगळे, आग-धूर-धूळ करणारे आणखी वेगळे. चांगलं चित्र काढणाऱ्या बहुतेकांना कन्सेप्ट आर्टिस्ट व्हायचं असतं, म्हणजे पहिली कल्पना रंगवणारा. तिथे जागा मोजक्या, आणि आता एआयचं सावटही आहे. वस्तू-परिसराच्या कामाला जास्त हात लागतात, आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ परदेशी गेमसाठी तेच करून देतात. तुझी गोडी कशात आहे ते मला पत्रावरून कळलं नाही. तुलाही केल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून एक काम देते. माझा भाचा हेच काम करतो, त्याच्या शेजारी बसून मी ते पाहिलंय. घरी नाहीतर आजीकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब असेल. तो कॉम्प्युटरवर घडव. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर एवढं निभतं. बंबाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ, टेपने मापं घे. आधी ढोबळ आकार: पोट, झाकण, मधली धुराची नळी, तोटी, पाय. मग सगळे पोचे-उंचवटे असलेलं जड मॉडेल. मॉडेलचा पृष्ठभाग बारीक त्रिकोण जोडून बनतो; म्हणून मग त्याचंच कमी त्रिकोणांचं हलकं मॉडेल, कारण गेम चालू असताना कॉम्प्युटरला तेच चित्र सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढावं लागतं. हलक्या मॉडेलचं अनरॅपिंग करायचं. शिंपी ब्लाउज बेततो ना, त्याच्या बरोबर उलटं: शिवलेलं उसवून कापड सपाट पसरायचं, आणि शिवण येईल ती नजरेआड. पहिल्या खेपेला हे रडवतं, रडून झालं की पुन्हा बस. मग जड मॉडेलचे उंचवटे नॉर्मल मॅपमधून, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रातून, हलक्यावर उतरवायचे, त्याला बेकिंग म्हणतात.

आणि शेवटी रंग. नवशिके अख्खा बंब एकसारखा तांबूस, चकचकीत करून टाकतात. तू खऱ्या बंबापुढे उकिडवी बसून बघ. बुडाशी आणि नळीच्या तोंडाशी काजळी. तोटीखाली क्षाराचा पांढरा ओघळ. कडी रोजच्या हातांनी गुळगुळीत झालेली. पोटावर चिंचेने घासल्याचे गोल फराटे, आणि जोडाच्या खाचेत, जिथे चिंच पोचत नाही, तिथे हिरवट कळंकाची बारीक रेघ. पोर्टफोलिओ बघणारा माणूस त्या रेघेपाशी थांबतो. इंटरमिजिएटला घागर नि तपेली मांडून स्थिरचित्र काढलंस, तोच डोळा इथे लागतो.

अशी पाच-सहा पूर्ण कामं आर्टस्टेशनवर, म्हणजे आर्टिस्ट आपली कामं मांडतात त्या वेबसाइटवर ठेव, वायरफ्रेमसकट, म्हणजे मॉडेलची जाळी दाखवणाऱ्या चित्रासकट. अर्धवट वीस ठेवलीस तर कुणी खाली जाणार नाही.

पदवी मात्र घे. नोकरी देणारे पोर्टफोलिओ आधी बघतात हे खरं, पण पुढे परदेशी जायचं झालं किंवा वाट बदलावीशी वाटली तर कागद लागतो. बीएफए, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा. यूसीडला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, म्हणजे सायन्स सोडायची गरज नाही. यूसीड आणि एनआयडी, दोन्हींचे फॉर्म दिवाळीच्या सुमारास निघतात, बारावीच्या अभ्यासात ते हुकवू नकोस. आणि समजा इंजिनिअरिंगलाच गेलीस, तरी दार बंद होत नाही. गेममध्ये टेक्निकल आर्टिस्ट असतात, अर्धे चित्रकार, अर्धे प्रोग्रॅमर, आणि अशी माणसं सहजी मिळत नाहीत.

पप्पांना वाटत असेल हे काम कुठेतरी अमेरिकेत होतं. त्यांना सांग, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, आपल्या पुराणांतले देव-राक्षस घेऊन, आणि तो जगभर खेळला गेला. आणि तुमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, कॅमेरासुद्धा त्यांनी स्वतःच तयार केला. नवं यंत्र बघून तिथला चित्रकार तेव्हाही बिचकला नव्हता.

बंब झाला की मला पाठव, पण आधी पप्पांना दाखव. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, स्क्रीनवर सगळ्या बाजूंनी फिरवून. लहानपणी बंब पेटवायचं काम बहुधा त्यांच्याकडेच असेल. काजळी बरोबर जागी आलीय का, ते त्यांनाच विचार.