लिओनार्दोच्या यंत्रांना 'प्रतिकृती' म्हणावं का?

इटलीतल्या विंची गावी चित्रकार लिओनार्दो दा विंचीचं म्युझियम आहे, त्यावर मराठीत लिहायचंय, तर तिथल्या लाकडी यंत्रांना 'प्रतिकृती' म्हणायचं की 'नमुना', असं एकाने विचारलंय. मी तरी प्रतिकृती म्हणणार नाही.

प्रतिकृती म्हटलं की मूळ वस्तू कुठेतरी आहे किंवा होती हे आलंच. दिवाळीत पोरं रायगडाची प्रतिकृती करतात कारण रायगड आहे. लिओनार्दोची बहुतेक यंत्रं त्याच्या हयातीत बनल्याचा पुरावाच नाही, हातात आहेत ती कागदावरची चित्रं आणि शेजारी उजवीकडून डावीकडे लिहिलेली उलटी अक्षरं. विंचीचं म्युझियम १९५३ ला तिथल्या जुन्या किल्ल्यात सुरू झालं, सुरुवातीची मॉडेलं आयबीएम या कंपनीने दिली, म्हणजे ती सगळी विसाव्या शतकात चित्रं वाचून केलेली. आता त्याचा रणगाडाच घ्या, चित्रात दातेरी चक्रं जशी दाखवलीत तशीच बसवली तर पुढची चाकं एकीकडे आणि मागची उलट दिशेला फिरतात, गाडी जागची हलतच नाही, त्यामुळे चालतं मॉडेल करायचं तर करणाऱ्याला ते दुरुस्त करावंच लागतं. स्वयंचलित गाडीचंही तेच, बरीच वर्षं सगळे समजायचे की वरच्या धनुष्यासारख्या पट्ट्या गाडी ढकलतात, मग अभ्यासकांच्या लक्षात आलं की जोर खालच्या डब्यांत गुंडाळलेल्या स्प्रिंगांचा आहे, आणि २००४ मध्ये फ्लॉरेन्सला त्याप्रमाणे केलेली गाडी खरंच चालली! चित्र तेच, अर्थ वेगळा लावला की यंत्र वेगळं.

'नमुना' चुकीचा नाही, पण आपल्याकडे नमुना म्हणजे सॅम्पल, अर्जाचा नमुना, नाहीतर एखादा वल्ली माणूस.

मी सरळ 'मॉडेल' लिहीन. उगाच इंग्रजी नको असं वाटत असेल तर हा शब्द मुळात इटालियन आहे, 'मोदेल्लो', तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. त्या काळी तिथे इमारत बांधायच्या आधी लाकडी मोदेल्लो करून दाखवायचे, खुद्द लिओनार्दोने मिलानच्या कॅथेड्रलच्या घुमटासाठी असं मॉडेल केलं होतं आणि त्याचे पैसे त्याला १४८७-८८ मध्ये मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे वस्तू नसतानाही मॉडेल असू शकतं, इथे नेमकं तेच हवंय. पहिल्यांदा 'लिओनार्दोच्या चित्रावरून केलेलं रणगाड्याचं मॉडेल' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं मॉडेल पुरे.

त्याच्या वह्यांचं मात्र वेगळं. कोडेक्स अटलांटिकस या त्याच्या कागदांच्या संग्रहाची मूळ पानं मिलानच्या अंब्रोसियाना लायब्ररीत आहेत, त्यांची हुबेहूब छापील पानं कुठे मांडलेली दिसली तर तिथे बिनधास्त प्रतिकृती म्हणा.