जुन्या घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटवर इलेक्ट्रिक कार रात्रभर चार्ज करणे सुरक्षित आहे का?

आपल्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. सांगलीजवळचे आपले घर वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आहे आणि पार्किंगमधला १५ अँपिअरचा सॉकेट पाण्याच्या मोटारीच्या लाइनवरून काढलेला आहे. नवी इलेक्ट्रिक कार लावल्यावर तासाभरात एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की लाइन आपोआप बंद करणारा स्विच) पडतो, म्हणून वायरमन १६ ऐवजी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवायला सांगतो आहे. चार्जरवर अर्थिंगमध्ये दोष असल्याचा लाल दिवा लागत होता. तो मात्र वायरमनने सॉकेट उघडून ‘काहीतरी जोडल्यावर’ हिरवा झाला. मी परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून घरगुती वायरिंगची कामे करतो आणि माझे मत असे आहे की या स्थितीत गाडी त्या सॉकेटला एक रात्रही लावू नये. एमसीबीचे पडणे आणि लाल दिवा या दोन खऱ्या सूचना होत्या. त्यांचे कारण दूर करण्याऐवजी सूचनाच बंद करण्याचा हा प्रकार आहे.

कारसोबत मिळणारा साधा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टवर तो सुमारे १४.३ अँपिअर प्रवाह घेतो. आकडा ऐकून वाटते की १५ अँपिअरच्या सॉकेटला हे पेलायला हवे, कारण गीझरही तिथेच चालतो. परंतु २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि पाणी तापले की थर्मोस्टॅट तो बंद करतो, तर ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर कारचा चार्जर नऊ-दहा तास अखंड, पूर्ण प्रवाहाने चालू राहतो. घरातले दुसरे कोणतेही उपकरण वायरिंगवर असा ताण देत नाही. दहा-पंधरा मिनिटांत जो सांधा केवळ कोमट होतो, तो पाच तासांत प्लास्टिक वितळण्याइतका तापू शकतो, आणि तेही सगळे झोपलेले असताना.

हा सांधा म्हणजे सॉकेटच्या आतली पितळी पाती, तिच्या मागचा स्क्रू, स्विचचा संपर्क, जंक्शन बॉक्समधली पिळलेली आणि टेपने गुंडाळलेली जोडणी. समजा, वर्षानुवर्षांच्या वापराने सॉकेटची पकड सैल झाली आहे आणि त्या जागी केवळ ०.१ ओहमचा रोध तयार झाला आहे. १४ अँपिअर प्रवाहाला तिथे सुमारे २० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे बोटाच्या पेरभर जागेत एक लहान सोल्डरिंग गन रात्रभर चालू ठेवल्यासारखे झाले. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह १४ अँपिअरच आहे, एक मिलिअँपिअरही जास्त नाही. घरगुती चार्जिंगमधले जळालेले सॉकेट मी उघडतो तेव्हा एमसीबी बहुधा चालू स्थितीतच असतो.

आता ३२ अँपिअरच्या एमसीबीविषयी. एमसीबीचे काम वायरचे रक्षण करणे हे आहे, उपकरणाला मोकळा रस्ता देणे हे नव्हे. आपला १६ अँपिअरचा एमसीबी पडण्याचे कारण साधे असावे: एमसीबीचे रेटिंग ३० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेले असते, आणि उन्हाळ्यात बंद डीबीमध्ये (सगळे एमसीबी बसवलेल्या पेटीत), शेजारच्या तापलेल्या एमसीबींच्या मध्ये, तो १४ अँपिअरलाच पडू लागतो. यावरचा उपाय जाड वायर ओढून तिला साजेसा २० अँपिअरचा एमसीबी लावणे हा आहे. त्या काळी मोटारीच्या लाइनसाठी दीड किंवा फार तर अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकत असत. तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर ३० अँपिअर प्रवाहाने भिंतीतल्या पाइपमध्ये वायरचे आवरण भाजत राहील आणि एमसीबी शांत बसेल. शिवाय कार चार्ज होत असतानाच पहाटे मोटार सुरू झाली, तर ही वेळ येणे मुळीच कठीण नाही.

तरीही मला खरी काळजी त्या हिरव्या दिव्याची वाटते. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, तो सॉकेट कुणा जाणकाराकडून उघडून घ्या. माझा अंदाज असा आहे की न्यूट्रलचा (प्रवाह परत नेणाऱ्या वायरचा) स्क्रू आणि अर्थचा स्क्रू यांना जोडणारा वायरचा एक लहान तुकडा आत दिसेल. आपल्याकडे हा प्रकार ‘न्यूट्रलवरून अर्थिंग दिले’ या नावाने सर्रास चालतो. चार्जर केवळ फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मिळते का एवढे पाहत असेल, तर तो फसतो आणि दिवा हिरवा होतो. परंतु अर्थची पिन चार्जिंग केबलमधून थेट कारच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. उद्या त्या लाइनचा न्यूट्रल मध्येच कुठे तुटला किंवा सैल झाला, तर फेजचे व्होल्टेज उपकरणातून न्यूट्रलवर आणि तिथून त्या तुकड्यावाटे गाडीच्या पत्र्यावर येते. त्याहून साधी शक्यता म्हणजे दुरुस्तीच्या वेळी कोणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, की काहीही न तुटता पत्रा थेट २३० व्होल्टवर जातो. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने हे कुणालाच कळत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून दार उघडणारा माणूसच जमिनीकडे जाण्याचा मार्ग बनतो. तो तुकडा आजच काढून टाका.

असा तुकडा सॉकेटऐवजी डीबीमध्येही लपलेला असू शकतो. त्यासाठी एक साधी तपासणी आहे: मोठा भार चालू असताना त्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजायचे. खरे अर्थिंग असेल, तर भार वाढताच न्यूट्रलच्या वायरमधील घटीमुळे तिथे एक-दोन व्होल्ट वाढलेले दिसतात. पूर्ण भारावरही मीटर शून्यावरून हलत नसेल, तर जवळपास कुठेतरी दोन्ही जोडलेले आहेत असे समजावे.

खऱ्या अर्थिंगसाठी कंपाउंडमध्ये, भिंतीपासून साधारण दीड मीटर दूर, स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरावा लागेल. मिठाकोळशाच्या पारंपरिक खड्ड्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड आणि भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) भर मला अधिक टिकाऊ वाटते, कारण मिठाने जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप काही वर्षांत खाल्ला जातो. नळाच्या पाइपला वायर गुंडाळण्याची जुनी पद्धत आता पूर्णपणे निरर्थक आहे. मधली पाइपलाइन प्लास्टिकची झालेली असते. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे अर्थ टेस्टरचे मोजमाप उन्हाळ्यात घेतलेले असेल तरच मी त्यावर भरवसा ठेवतो. पाच ओहमच्या आत आकडा आला तर उत्तम. मुरमाड जमिनीत तो मिळवण्यासाठी दोन इलेक्ट्रोड पुरून जोडावे लागतात.

चांगले अर्थिंग झाले की काम संपले, असेही नाही, आणि हे साध्या गणिताने दिसते. समजा, अर्थचा रोध १० ओहम आहे आणि फेज गाडीच्या सांगाड्याला टेकला. जमिनीकडे जाणारा प्रवाह २३ अँपिअर होईल. सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी त्यातून १०० ते २०० अँपिअर जावे लागतात. २३ अँपिअरला तो तासभरही पडेल याची खात्री नाही, आणि तोपर्यंत पत्रा धोकादायक व्होल्टेजवर राहतो. म्हणून चार्जिंगच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) अनिवार्य समजावा. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, तर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पुरवठा तोडतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा आरसीसीबी ‘एसी’ प्रकारचा असतो. तो घेऊ नये, कारण चार्जरमधील इलेक्ट्रॉनिक्समुळे गळतीच्या प्रवाहात डीसीचा अंश मिसळू शकतो आणि त्या अंशाने हा आरसीसीबी आंधळा होतो. ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्येच असेल, तर ‘ए’ प्रकार पुरतो. नसेल, तर ‘बी’ प्रकार लागतो आणि तो बराच महाग पडतो. चार्जरच्या पुस्तिकेत हे पाहून घ्या. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, मात्र त्याने फक्त आतली यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच.

आता प्रत्यक्ष काम. मीटरजवळच्या मुख्य डीबीपासून पार्किंगपर्यंत फक्त चार्जिंगसाठी स्वतंत्र लाइन ओढावी, मध्ये एकही सांधा नसावा, आणि फेज, न्यूट्रल व अर्थ या तिन्ही वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याच्या असाव्यात. अंतर २५ मीटर धरले, तर तिच्यात पूर्ण भारावर साडेतीन व्होल्टच्या आसपास घट होते, जी अगदी स्वीकारार्ह आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हीच घट साडेआठ व्होल्टच्या वर जाते आणि सव्वाशे वॉट उष्णता भिंतीत मुरते. सॉकेट ६ आणि १६ अँपिअर अशा दोन्ही प्लगसाठीचा नको. दोन जाडीच्या पिना धरणाऱ्या पात्यांची पकड लवकर सैल होते. केवळ १६ अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा, झाकण असलेल्या मेटलक्लॅड पेटीतला सॉकेट घ्यावा आणि पेटीचा पत्राही अर्थ करावा. चालू-बंद करण्यासाठी साधे बटण न ठेवता फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी वापरावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ पासून चार्जिंगविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्या मुख्यतः चार्जिंग स्टेशनांसाठी असल्या, तरी सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा आणि एक्स्टेंशन कॉर्ड किंवा अ‍ॅडॉप्टर वापरू नये, हे दोन दंडक मी घरातही पाळायला लावतो. ही लाइन इन्व्हर्टरच्या बाजूने निघालेली नाही, हेही पाहावे. वळवाच्या विजांचा आपला प्रदेश असल्याने डीबीत सर्ज प्रोटेक्टर (विजेमुळे अचानक वाढणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारे उपकरण) बसवून घेतला तर पैसे वाया जाणार नाहीत.

मीटरकडचा विचार बहुतेक जण विसरतात. वीस वर्षांपूर्वीच्या घराचा मंजूर भार अनेकदा एक-दोन किलोवॉटच असतो. त्यावर ३.३ किलोवॉटचा चार्जर, गीझर आणि एसी एकाच वेळी चालले, तर खांबावरून आलेली सर्व्हिस वायर आणि मीटरजवळचे कटआउट (फ्यूज) तापते. बिलाच्या प्रतीवर मंजूर भार पाहा आणि कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. त्यासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, म्हणजे वायरिंग आपोआप तपासले जाते. वाहनाच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्कही २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने दिला आहे, पण एकट्या घराला त्याची फारशी गरज नसते.

विक्रेते आग्रहाने सुचवतात तो ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर आपल्याला लागेल असे मला वाटत नाही. तो ३१ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेतो, त्याला सहा चौरस मिलिमीटरची वायर आणि ४० अँपिअरचा एमसीबी लागतो. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या कारला सहा-सात युनिट पुरतात, आणि ते ३.३ किलोवॉटच्या चार्जरने दोन-अडीच तासांत भरतात. उलट आपल्या चार्जरवर प्रवाह १० अँपिअरपर्यंत कमी करण्याची सोय असेल, तर नवी लाइन झाल्यावरही एरवी तीच वापरा. सांध्यांतली उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) वायरचे इन्सुलेशन आणि अर्थ टेस्टरने अर्थचा रोध मोजून दोन्ही आकडे लिहून घ्या. पहिल्या काही रात्री चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगच्या प्लास्टिकला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. कोमट लागला तर चिंता नाही, पण हात ठेवणे नकोसे वाटले तर आधी गाडीवरून चार्जिंग थांबवा, मग एमसीबी बंद करा, आणि स्क्रू पुन्हा आवळून घेतल्याशिवाय तो सॉकेट वापरू नका.