जर्दाळूच्या बीतला कडू बदाम

प्रश्न : आमच्याकडे सुके जर्दाळू खाऊन झाले की बी बत्त्याने फोडून आतला बदाम मुलांना देण्याची जुनी रीत आहे. याच बदामाची कडू जात चिनी वैद्यकात औषध म्हणून वापरतात आणि तिच्यातील ‘बी-१७ जीवनसत्त्वा’ने कर्करोग बरा होतो, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे. असे कडू बदाम रोज दहा-बारा खाल्ले तर चालतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दहा-बारा सोडाच, कडू बदाम कच्चा एकही खाऊ नये. संदेशाचा पूर्वार्ध खरा आणि उत्तरार्ध खोटा असल्यामुळेच तो अधिक घातक ठरतो.

कडू जर्दाळूच्या बीला चिनी वैद्यकात ‘कू शिंगरेन’ म्हणतात. खोकला, धाप आणि आतडी कोरडी पडल्याने होणारा मलावरोध हे तिचे मुख्य उपयोग. इसवी सन २००च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी रचलेल्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात माहुआंग (एफेड्रा ही औषधी वनस्पती), दालचिनीच्या जातीतल्या झाडाच्या डहाळ्या आणि ज्येष्ठमध यांच्या जोडीने तिचा काढा सांगितला आहे. मात्र ती तशीच चघळायला देत नाहीत. बिया उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवतात, सालीला सुरकुत्या पडल्या की गार पाण्यात टाकतात आणि साल चोळून काढतात. या खटाटोपामागे कारण आहे : बीमध्ये अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते आणि ती चावताच बीतल्याच एन्झाइममुळे त्यातून सायनाइड सुटते, उष्णतेने हे एन्झाइम निकामी होते. एवढे करूनही दिवसाची मात्रा साधारण ५ ते १० ग्रॅमच, तीही काढ्यातून आणि वैद्याच्या देखरेखीखाली. जुलाब होत असतील तर ही बी देत नाहीत.

‘बी-१७’ नावाचे जीवनसत्त्व अस्तित्वातच नाही, अमिग्डालिन आणि त्यापासून बनवलेले लेट्राइल यांना विक्रीसाठी चिकटवलेले ते नाव आहे (विकणाऱ्यांची कल्पकता मानली पाहिजे!). अमेरिकेत कर्करोगाच्या १७८ रुग्णांवर अमिग्डालिनची रीतसर चाचणी झाली आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एकही रुग्ण बरा झाला नाही, उलट काहींमध्ये सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे दिसली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार तीनपेक्षा अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्यास प्रौढ माणूसही सुरक्षित मर्यादा ओलांडतो. लहान मुलाला एक बीदेखील जास्त होऊ शकते.

आपल्याकडे खाल्ला जाणारा बदाम बहुधा गोड जातीचा असतो आणि त्यात अमिग्डालिन फारच कमी असते, म्हणून रीत मोडायला नको; पण प्रत्येक बदामाचा कण आधी घरातल्या मोठ्या माणसाने चाखावा आणि कडू लागला तर थुंकून टाकून बाकीचा फेकून द्यावा. कडू बिया पोटात गेल्यावर चक्कर, डोकेदुखी, मळमळ किंवा धाप जाणवली, तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि उरलेल्या बिया सोबत न्याव्यात.