वाचकांचे प्रश्न : महागड्या स्मार्ट स्पीकरचे जादा पैसे कशासाठी?

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर माझे सकाळचे दोन तास गाणे ऐकण्यात जातात. ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग हे मुख्य ऐकणे. दोन वर्षांपूर्वी भाचीने चेंडूच्या आकाराचा एक लहान स्मार्ट स्पीकर भेट दिला. चष्मा न शोधता, बटणे न दाबता हवे ते गाणे लागते, ही सोय मोठी आहे. पण डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. मुलगा म्हणतो की ३२,९०० रुपयांचा ॲपलचा होमपॉड घेऊ. दुकानदाराने २०-२२ हजारांचा दुसरा एक दाखवला आणि महाग स्पीकरमध्ये बुद्धीही जास्त असते, असे सांगितले. आमची खोली १० बाय १२ फुटांची आहे. एवढा खर्च करावा का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे आधी निकालात काढतो, कारण त्या एका गैरसमजापायी अनेक घरांतून विनाकारण पैसे जातात. आपण ‘ॲलेक्सा’ अशी हाक मारता तेव्हा स्पीकरमधील चिप फक्त ते नाव ओळखते. त्यापुढचे आपले वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, त्याचा अर्थ तिकडे लावला जातो आणि उत्तर परत येते. ॲमेझॉनचा पाचव्या पिढीचा एको डॉट हा लहान स्पीकर भारतात ५,४९९ रुपयांना बाजारात आला, तर २०१९ साली जाहीर झालेला एको स्टुडिओ येथे २२,९९९ रुपयांना आला. किमतीत चौपट अंतर असूनही दोघेही प्रश्न विचारतात तो एकाच ॲलेक्साला. महाग स्पीकर मोठ्या आवाजात वाजत असतानाही आपली हाक जरा अधिक खात्रीने ऐकतो, आणि काहींमध्ये घरातील दिवे जोडण्यासाठी झिगबी या बिनतारी पद्धतीची सोय आतच असते. बुद्धीच्या खात्यात जमा धरावे असे एवढेच. जादा पैसे खरोखर जातात ते आवाजासाठी, आणि आपली तक्रारही आवाजाचीच असल्याने तिचा विचार नीट केला पाहिजे.

डग्गा ऐकू येत नाही याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. खालचा स्वर वाजवायचा म्हणजे पुष्कळ हवा हलवायची. एखादा स्वर एक सप्तक खाली नेऊन तितक्याच मोठ्याने वाजवायचा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. एको डॉटमधील स्पीकरचा पडदा ४४ मिलिमीटरचा आहे, तर त्या एको स्टुडिओतील वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) सव्वापाच इंचांचा, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे नऊ पट. होमपॉडमध्ये चार इंचांचा वूफर आणि पाच ट्वीटर (वरच्या स्वरांचे लहान स्पीकर) आहेत. आता आपल्या गाण्याकडे पाहू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. चेंडूएवढ्या डबीतून तो मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. तरीही आपल्याला तंबोरा ओळखू येतो, कारण त्या तारेचे वरचे उपस्वर स्पीकर वाजवतो आणि त्यांवरून मूळ स्वराची जागा आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. लहान स्पीकर बनवणारे अभियंते कानाच्या या गुणाचा जाणूनबुजून उपयोग करतात, आणि बातम्या, निवेदन किंवा हलकीफुलकी गाणी यांसाठी तेवढे पुरतेही. विलंबित एकतालात मात्र समेकडे येताना डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला घुमारा असतो, आणि त्याची भरपाई मेंदू करू शकत नाही. दोन वर्षे रोज सकाळी ऐकूनही तो आपल्याला खटकत राहिला, याचा अर्थ आपले कान अगदी योग्य तक्रार करीत आहेत. ती वयाची नव्हे.

म्हणून माझे उत्तर असे की अधिक चांगल्या आवाजासाठी खर्च अवश्य करावा, पण तो महागड्या स्मार्ट स्पीकरवरच करावा असे मला वाटत नाही.

पहिले कारण आयुष्याचे. उत्तम बांधणीचा साधा स्पीकर तीस-तीस वर्षे वाजतो. वडिलांनी १९८०च्या दशकात घेतलेली जोडी आजही माझ्या घरी आहे. मुंबईच्या दमट हवेने तिच्या पडद्याभोवतीची फोमची कडा दोनदा कुजली आणि दोन्ही वेळा लॅमिंग्टन रोडवरील कारागिराने ती बदलून दिली. याउलट एका पावसाळ्यानंतर माझा एक स्मार्ट स्पीकर बंद पडला, तेव्हा त्याचा कोणताही भाग दुरुस्त होत नाही, नवा घ्या, एवढेच उत्तर मिळाले. वूफर आणि ट्वीटर जुने होतात ते सावकाश; त्यांच्यासोबत त्याच डबीत बसवलेला संगणक मात्र कंपनीच्या मर्जीवर जगतो. हरमन कार्डनचा इनव्होक हा स्पीकर २०१७ साली मायक्रोसॉफ्टची कोर्टाना ही ॲलेक्सासारखी सेवा घेऊन आला. २०२१ साली कोर्टाना त्यातून काढली गेली आणि ग्राहकांच्या घरी उरला तो साधा ब्लूटूथ स्पीकर. सोनॉस ही या क्षेत्रातील नावाजलेली कंपनी आहे, पण तिने २०२० साली आपल्या काही जुन्या उपकरणांना नवी अद्ययावत प्रणाली देणे थांबवले, आणि २०२४ साली तिच्या नव्या ॲपमधून नेहमीच्या वापराच्या अनेक सोयी नाहीशा झाल्याने ग्राहक इतके संतापले की २०२५च्या जानेवारीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. या उपकरणांतील स्पीकर नादुरुस्त झालेले नव्हते. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूचे मोल लवकर कालबाह्य होणाऱ्या वस्तूत अडकवताना मी बिचकतो, आणि पेन्शनीच्या पैशांतून ते करणाऱ्याने तर दोनदा विचार करावा.

दुसरे कारण आपण जे ऐकता त्याचे. महाग स्पीकरच्या जाहिरातीत चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचे, म्हणजे डॉल्बी ॲटमॉसचे, मोठे स्थान असते. तो परिणाम त्या पद्धतीने मिश्रण केलेल्या ध्वनिमुद्रणातच मिळतो. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या एकाच मार्गिकेवर, साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत मुद्रित झालेल्या आहेत; त्यांत डाव्या-उजव्या बाजूचा भेदसुद्धा नाही आणि खालचे स्वरही मुळातच कमी आहेत. त्या तबकड्या ३३ हजारांच्या स्पीकरवर नऊ-दहा हजारांच्या स्पीकरपेक्षा फारशा वेगळ्या वाटणार नाहीत. नंतरच्या काळातील लाँग प्ले रेकॉर्ड आणि मैफलींची चांगली ध्वनिमुद्रणे यांत मात्र फरक स्पष्ट जाणवतो. आपले ऐकणे यांपैकी कशाकडे अधिक झुकते, हे आपणच जाणता.

खोलीचाही विचार करावा. आपल्याकडच्या घरांत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असल्याने वरचे स्वर आपटून परत येतात, तर १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. मोठ्या वूफरचा स्पीकर कोपऱ्यात ठेवला की डग्गा मोकळा होण्याऐवजी गदगदतो. होमपॉड आणि एको स्टुडिओ खोलीचा अंदाज घेऊन आपला आवाज स्वतः जुळवून घेतात, आणि महागड्या स्पीकरचा हा गुण मला मनापासून मान्य आहे. ज्या घरात स्पीकर शोकेसच्या एका ठरलेल्या कप्प्यातच बसू शकतो तेथे तो फार उपयोगी पडतो. पण स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे आणणे आणि समोर जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट असणे यानेही बराच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आपण पुढीलप्रमाणे करावे असे सुचवतो. भाचीने दिलेला स्पीकर तसाच राहू द्या. हाक ऐकण्याचे काम तो उत्तम करतो आहे. ॲम्प्लिफायर आतच असलेली चार इंची वूफरच्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी साधारण १० ते १५ हजारांत मिळते. ब्लूटूथ असलेली जोडी निवडून हा लहान स्पीकर तिला जोडून द्यावा. गाणे पूर्वीप्रमाणे तोंडाने सांगावे. ते वाजेल मात्र मोठ्या जोडीतून. पुढे लहान स्पीकर कालबाह्य झाला तर तेवढाच बदलावा लागेल. खरेदीला जाताना आपल्या पसंतीचा एक विलंबित ख्याल फोनमध्ये नेऊन, घरी ऐकता तेवढ्याच आवाजात, निदान दहा मिनिटे ऐकावा. दुकानात आवाज वाढवून दाखवतात. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि त्यात खरी तुलना हरवते.

दोन डब्या आणि वायरी नकोच असतील, घरात आयफोन असेल आणि एकाच नेटक्या वस्तूसाठी जादा मोजण्याची तयारी असेल, तर होमपॉडला माझा विरोध नाही. त्याचा आवाज खरोखर चांगला आहे. मात्र तो सुरू करण्यासाठी आयफोन किंवा आयपॅड लागतोच, त्याला बाहेरून वायर जोडता येत नाही आणि अँड्रॉइड फोनवरून ब्लूटूथने गाणेही पाठवता येत नाही. आपल्या हातातील फोन कोणता, हे पत्रात नाही. मुलाकडे आयफोन आणि आपल्याकडे अँड्रॉइड असेल तर मुलगा ऑफिसला गेल्यावर आपली अडचण होईल, म्हणून हे आधीच तपासावे.

प्रश्न : आईचे वय ७८ आहे आणि तिला मराठीच सोयीचे वाटते. महाग स्पीकर मराठी समजतो का? शिवाय घरातील बोलणे बाहेर जाण्याची भीती महाग स्पीकरमध्ये कमी असते का?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : भाषा किमतीवर अवलंबून नाही. ॲलेक्साला २०१९ पासून हिंदी येते. मराठी गाण्यांची आणि गायकांची नावेही ती बहुतेक वेळा ओळखते, पण तिच्याशी बोलावे लागते ते इंग्रजीत किंवा हिंदीत. गूगल असिस्टंटमध्ये २०१८ साली मराठी आली ती फोनवर, त्यामुळे मराठीत विचारायचे असेल तर आईंसाठी आज फोनच जवळचा आहे. मराठी माणसाच्या घरात बसणाऱ्या वस्तूने अजून घरची भाषा शिकू नये, याचे मला वाईट वाटते, आणि तेवढ्यासाठी तरी आईंच्या नावाने महाग स्पीकर घेऊ नये. आईंना मुख्यतः जुनी गाणीच ऐकायची असतील तर सारेगामाच्या कारवाँची मराठी आवृत्ती पाहावी. तिच्यात गाणी आधीच भरलेली असतात, इंटरनेट लागत नाही, आणि गोल खटका फिरवणे ही रेडिओच्या पिढीची ओळखीची क्रिया आहे.

गोपनीयतेबाबतही किंमत मदत करीत नाही. एकाच कंपनीच्या लहान-मोठ्या स्पीकरना नियम सारखेच असतात. मायक्रोफोन बंद करण्याचे बटण किंवा सोय आहे ना हे पाहावे, घरात खासगी बोलणे चालू असताना ती वापरावी, आणि ॲपमध्ये जाऊन साठलेल्या ध्वनिफिती अधूनमधून पुसाव्यात. ॲपल विनंत्या ग्राहकाच्या खात्याच्या नावाशी न जोडता यादृच्छिक क्रमांकाने हाताळते, एवढा फरक नोंदवण्याजोगा आहे.

प्रश्न : दादरच्या आमच्या जुन्या घरात ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर धूळ खात आहेत. ते भंगारात देऊन नवा स्मार्ट स्पीकर घ्यावा काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : कृपया देऊ नका. ॲम्प्लिफायर लावून पाहा. खरखर येत असेल तर बहुधा आवाजाच्या खटक्यात धूळ साचलेली असते आणि ती साफ होते. स्पीकरची जाळी काढून पडद्याभोवतीची कडा बोटाने हलकेच दाबा. ती भुगा होऊन पडली तरी घाबरू नका, ती बदलता येते. मागे ‘ऑक्स’ लिहिलेली लाल-पांढरी खोबण असेल तर तिच्यात ब्लूटूथ रिसीव्हर किंवा वाय-फायवर चालणारा स्ट्रीमर जोडता येतो. स्मार्ट स्पीकरमधूनच थेट वायर काढायची असेल तर विकत घेण्यापूर्वी भोक आहे का ते पाहावे: चौथ्या पिढीपर्यंतच्या एको डॉटला ३.५ मिलिमीटरची खोबण होती, पाचव्या पिढीत ती काढून टाकली आहे. आपल्याकडे आहे तसा आवाज नव्या स्मार्ट स्पीकरमधून मिळवायचा म्हटले तर बरेच पैसे मोजावे लागतील.

प्रश्न : नव्या मोठ्या स्मार्ट स्पीकरबद्दल खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची तक्रार आहे, जरी आमच्या घरात आवाज कमीच असतो. काय करावे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे खरे असावे. वरचे स्वर भिंतीत अडतात, पण खालचे स्वर स्लॅबमधून सहज पार होतात, त्यामुळे आपल्याला मंद वाटणारे गाणे खाली नुसता धपधप आवाज होऊन पोहोचते. स्पीकर जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीवर असेल तर तेथून हलवावा आणि त्याखाली जाड रबराची चकती ठेवावी. ॲपमध्ये बास कमी करण्याची पट्टी असते. रात्री ती निम्म्यावर आणावी. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी आहे. एकदा खाली जाऊन, वर गाणे चालू ठेवून, शेजाऱ्यांच्या खोलीत बसून ऐकावे. पट्टी कोठे आणून ठेवायची ते तेथे बसून फोनवरूनच ठरवता येईल.