1968 ची जीटीओ फॅक्टरीसारखी करायला घरावर कर्ज काढू का?

मिशिगनमधल्या नोव्हीहून एका वाचकाने लिहिलंय, आधी त्यांचं म्हणणं थोडक्यात. वय 45, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी हायस्कूलमध्ये दहावीत, म्हणजे अडीच वर्षांत कॉलेज, मुलगा अजून लहान, नाशिकला आईवडील, त्यांना दर महिन्याला पैसे जातात. सगळं जाऊन महिन्याला 1,700 डॉलर उरतात. शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये त्यांच्या दिवंगत नवऱ्याची 1968 ची पॉन्टिॲक जीटीओ हार्डटॉप (दोन दारांची, पक्क्या छताची कूपे) उभी आहे, ती त्या 22 हजार डॉलरला द्यायला तयार आहेत. इंजिन 400 चंच (400 घन इंचांचं) आहे पण मूळचं नाही, नंतरच्या वर्षाचा ब्लॉक बसवलाय. मागच्या दोन्ही क्वार्टर पॅनलना (मागच्या चाकांवरच्या पत्र्यांना) आणि डिकीच्या तळाला गंज. एका शॉपने "फॅक्टरी-करेक्ट", म्हणजे कारखान्यातून निघाली तंतोतंत तशी, रिस्टोरेशनचा अंदाज 90 हजार दिलाय. गाडी बचतीतून घ्यायची, 60 हजार हेलॉकमधून (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज), 30 हजार 401के वर, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या बचतीवर, लोन काढून. आणि शेवटी प्रश्न, ही इन्व्हेस्टमेंट समजायला हरकत नाही ना?

नमस्कार. हरकत आहे, आणि मी ती स्पष्टच सांगतो. पण गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाहीये हे आधी लक्षात घ्या, मी या प्लॅनला नाही म्हणतोय.

तुम्ही सोबत जी लिलावाची क्लिप पाठवलीत ती 1969 च्या जीटीओ जज रॅम एअर फोरची आहे. जज ही जीटीओची खास आवृत्ती, रॅम एअर फोर हे जास्त ताकदीचं इंजिन. दिसायला भावंडं असली तरी बाजारात ती वेगळी गाडी आहे. 1969 साली सगळ्या मिळून जज बनल्या 6,833, त्यात कन्व्हर्टिबल फक्त 108, आणि रॅम एअर फोर इंजिन त्यातल्याही अगदी थोड्यांना. आणि 1968 च्या जीटीओ किती बनल्या माहितीये, 87,684. गाडी उत्तमच होती, त्या वर्षी मोटर ट्रेंडने तिला कार ऑफ द इयर केलं, तो बॉडीच्याच रंगाचा एन्ड्युरा बंपर तेव्हा लोकांना नवलाचा वाटला होता. पण आजचा खरेदीदार जो जास्तीचा पैसा देतो तो दुर्मिळ ऑप्शनला आणि मूळ इंजिनला देतो, आणि तुमच्यासमोरच्या गाडीत दुसरी गोष्ट नाही हे तुम्हीच लिहिलंय. पहिली आहे की नाही ते अजून कुणी तपासलेलं नाही.

ते तपासणं हे तुमचं पहिलं काम, एक डॉलर द्यायच्या आधीचं. पॉन्टिॲकवाल्यांचं नशीब चांगलं आहे, कारण कंपनी 2010 मध्ये बंद झाली तरी कारखान्याच्या बिलिंगच्या नोंदी पॉन्टिॲक हिस्टॉरिकल सर्व्हिसेस, म्हणजे पीएचएसकडे आहेत, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) द्या, थोडी फी भरा, आणि तुमची गाडी कुठल्या इंजिनसह, कुठला गिअरबॉक्स, कुठले ऑप्शन घेऊन बाहेर पडली ते कागदावर येतं. त्या काळच्या शेव्हरोलेवाल्यांना अशी सोय सहसा मिळत नाही, ते सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातली त्या गाडीच्या पार्टची यादी, शोधत बसतात. व्हीआयएनची सुरुवात 242 ने होते का तेही बघा, 1966 पासून जीटीओला तो आकडा स्वतंत्र मिळाला, 237 दिसला तर ती नंतर जीटीओचे बिल्ले लावलेली लमॅन्स, म्हणजे पॉन्टिॲकचंच साधं मॉडेल, आहे आणि मग 22 हजाराचा विषयच संपला. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, 1968 च्या साध्या 350 हॉर्सपॉवरच्या 400 ला मॅन्युअल असेल तर डब्ल्यूटी, ऑटोमॅटिक असेल तर वायएस, आणि गाडीच्या व्हीआयएनचे शेवटचे आकडेही ब्लॉकवर ठोकलेले असतात. तुमच्या ब्लॉकवर ते जुळणार नाहीत. उद्या कुणी तुम्हाला म्हणेल, ब्लॉक घासून नवीन नंबर ठोकून देतो, कुणाला कळत नाही. कळतं. आणि तशी गाडी मूळ इंजिनची म्हणून विकली तर ती फसवणूक आहे, त्या वाटेला जाऊच नका.

आता 90 हजाराबद्दल, कारण हा आकडा ऐकून तुम्हाला शॉप लुटतंय असं वाटलेलं दिसतं आणि मला तसं वाटत नाही. गाडी नुसती चकाचक करणं आणि ती 1968 मध्ये असेंब्ली लाइनवरून उतरली तशी करणं यात तासांचा फार मोठा फरक आहे. कार्बोरेटर नुसता क्वाड्राजेट प्रकारचा असून भागत नाही, त्या इंजिनला त्या गिअरबॉक्सबरोबर जो नंबर लागायचा तोच हवा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, स्टार्टर, काचा सगळ्यांवर तारखेचे कोड असतात आणि ते गाडी बनायच्या थोडं आधीचे पाहिजेत, नंतरचा निघाला की जुन्या गाड्यांच्या शोमधल्या जजिंगमध्ये, म्हणजे परीक्षणात, गुण गेले. ज्या बोल्टला फॉस्फेटचा काळपट हात होता त्याला क्रोम चालत नाही, जो पार्ट नुसत्या लोखंडाचा होता तो रंगवायचा नाही, खालच्या बाजूला रंगाचे फवारे जसे अर्धवट उडायचे तसेच उडवायचे, इन्स्पेक्टरच्या खडूच्या खुणासुद्धा परत काढायच्या. पॉन्टिॲकची मालक कंपनी जीएम तेव्हा ॲक्रिलिक लॅकर मारायची, आजचा क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) त्यापेक्षा जास्त चमकतो, म्हणून काटेकोर जजिंगमध्ये जास्त सुंदर केलेल्या गाडीचेही गुण जातात. टायरही तेव्हाचेच, लाल रेघेचे रेडलाइन, जुन्या बायस-प्लाय बांधणीचे. जुना न वापरलेला मूळ पार्ट मिळाला तर त्याची किंमत नव्या कॉपीच्या कितीतरी पट. हे काम करणारे लोक मनापासून करतात आणि ते टिकलं पाहिजे असं मलाही वाटतं, कारण ती माहिती आज थोड्याच लोकांच्या हातात उरलीये.

पण हा सगळा खर्च कुठल्या गाडीवर करायचा हाच तर पैशांचा प्रश्न आहे. फॅक्टरी-करेक्ट बारकाव्याचे पैसे बाजार तेव्हाच परत देतो जेव्हा खालची गाडी तशी जन्मलेली असते आणि कागद ते सिद्ध करतो. साध्या ऑप्शनच्या, इंजिन बदललेल्या कूपेवर तेच 90 हजार लावले तर काम तितकंच सुंदर होईल, पैसे परत येणार नाहीत. तुम्हीच नोंदवलेल्या विक्रीत चांगल्या अवस्थेतल्या साध्या 400 च्या कूपे 45 ते 60 हजारात गेल्यात. तुमचा खर्च 22 अधिक 90, म्हणजे 112. गंजाचं काम पत्रा उघडल्यावर नेहमी वाढतं, दहा टक्के धरा, 121 हजार झाले, त्यात व्याज नाही, इन्शुरन्स नाही. खूप छान झाली म्हणून 65 ला विकली असं समजू, त्यातून लिलाववाल्यांचं कमिशन जाईल. साठ हजाराच्या आसपास खड्डा. आणि टॅक्सची बाजू तर एकतर्फीच आहे, फायदा झाला तर कलेक्टिबल म्हणून 28 टक्क्यांपर्यंत टॅक्स लागू शकतो, तोटा झाला तर हौसेच्या वापरातल्या वस्तूचा तोटा वजा मिळत नाही. हे तुमच्या सीपीएकडून (टॅक्सच्या अकाउंटंटकडून) एकदा खात्री करून घ्या.

कर्जाचं तर मला जास्तच वाईट वाटलं. हेलॉकचा दर तुम्ही 8 टक्के लिहिलाय, 60 हजारावर महिन्याला 400 नुसतं व्याज, दर बदलता आहे, आणि पैसे घराच्या कामाला लावलेले नसल्यामुळे ते व्याज टॅक्समध्ये वजाही होत नाही. 401के चं 30 हजाराचं लोन पाच वर्षांत फेडायचं म्हणजे अजून साधारण 600. तुमच्या 1,700 मधले 1,000 गेले, आणि हेलॉकचं मुद्दल जागचं हललेलंही नाही. त्यात तुमची नोकरी ऑटो सप्लायरमध्ये. नोकरी गेली तर 401के चं उरलेलं लोन सहसा पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावं लागतं, नाही भरलं तर ते पैसे काढल्यासारखे धरतात, त्यावर इन्कम टॅक्स आणि तुमच्या वयाला वर 10 टक्के पेनल्टी. म्हणजे पगार बंद, हेलॉक चालू, मुलीची कॉलेजची पहिली फी दारात, आणि गाडी शॉपमध्ये अर्धी सुटी केलेली. अर्धवट सुट्या गाडीला सगळ्यात कमी किंमत येते हो. आणि तुमचं घर त्यात तारण आहे.

मग काय करायचं. पीएचएसचा कागद आणा. त्यात रॅम एअर किंवा एचओ, म्हणजे जास्त ताकदीचं, इंजिन निघालं तर मला परत लिहा, तरी मूळ इंजिन नसल्यामुळे माझं गणित थोडंच हलेल. साधी गाडी निघाली तर तो कागद आणि गंजाचे फोटो आजींना दाखवून किंमत बोला, पण त्यांना फसल्यासारखं वाटेल इतकी घासाघीस करू नका, दुसऱ्या कुणाला दाखवून भाव विचारा असंही त्यांना सांगा, शेजार आहे. बचतीतून गाडी घेतल्यावर सहा महिन्यांचा घरखर्च आणि नाशिकला अचानक जावं लागलं तर लागणारे पैसे शिल्लक राहणार असतील तरच घ्या. तुमच्या पत्रात बचतीचा आकडा नाही, म्हणून हे तुम्हालाच ठरवायचंय.

घेतलीत तर महिन्याला 700 गाडीला, 1,000 मुलीच्या कॉलेजला, आणि कॉलेज सुरू झालं की गाडीचे 700 पण गरजेप्रमाणे तिकडे. वर्षाचे 8,400 होतात, त्यात ब्रेक, इंधनाची लाइन, वायरिंग, मग गंज, पत्र्याचं काम असं जाता येतं, इंजिनिअर आहात, बरंचसं मुलाला बरोबर घेऊन स्वतः कराल. दोन-तीन वर्षांत चालती गाडी होईल, चकचकीत नाही. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट लेबल लावून ठेवा, फोटो काढा, काही फेकू नका, तारखेचा कोड असलेला जुना खराब पार्टसुद्धा नाही, म्हणजे पुढे कधी, मुलं मार्गी लागल्यावर, फॅक्टरी-करेक्ट करायची ताकद आली तर वाट बंद झालेली नसेल. आणि जर तुम्हाला आत्ताच तशी परफेक्ट गाडी हवी असेल तर दुसऱ्या कुणीतरी आधीच रिस्टोर केलेली, कागदवाली 55 हजाराला घ्या, 112 ला स्वतः करण्यापेक्षा ते स्वस्त आहे, अर्थात तीही कर्जाशिवाय जमणार असेल तरच.

शॉपला कधीही काम द्याल तेव्हा मोठा ॲडव्हान्स नको, टप्प्याटप्प्याने बिल, प्रत्येक टप्प्याचे फोटो, आणि लेखी की ठरलेल्या रकमेपुढे विचारल्याशिवाय जायचं नाही. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे आधीच ठरवलेल्या रकमेचा, घ्या, आणि काम वाढत जाईल तशी ती रक्कम दरवर्षी वाढवून घ्या, नाहीतर गॅरेजला आग लागली तर 22 हजाराच्याच गाडीचे पैसे मिळतील. आणि आजींच्या नवऱ्याच्या नावावरचं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आधी त्यांच्या नावावर नीट झालंय का ते चेक द्यायच्या आधी बघा.