डब्यात काय होतं?

*ताई, नमस्कार.*

*वय ४६, एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहे. गेली नऊ वर्षं रोज रात्री झोपण्यापूर्वी मी एक वही लिहितो. त्यात तीनच गोष्टी असतात: काम, हवा आणि खाणं. एक दिवसही चुकलेला नाही. मन मोकळं करणं वगैरे मला जमत नाही, आणि वहीचा तो हेतूही नाही. नमुन्यादाखल तीन दिवस पाठवतो.*

*सोमवार. काम: तिमाही ताळेबंद. दोन चुका सापडल्या, एक माझी. हवा: ९.४० ला ढग. पाऊस ३.१५ ला सुरू, अकरा मिनिटं, थेंब मोठे, तिरके. वारा ३. खाणं: डबा. चारला बिस्किटं.*

*मंगळवार. काम: ऑडिटरबरोबर बैठक, लांबली. हवा: कोरडी. दुपारी उकाडा, संध्याकाळी दक्षिणेला ढग, आले नाहीत. वारा १. खाणं: बैठकीत बाहेरून मागवलेलं. सूप पातळ, मिरी जास्त. भात मोकळा. शेवटी फळांचे काप, त्यातला एक आंबट.*

*बुधवार. काम: दिवसभर ईमेल. हवा: सकाळी ऊन, अकरानंतर मळभ. वारा २. खाणं: डबा. चारला बिस्किटं.*

*मागच्या आठवड्यात बायकोने माझ्या नकळत वही वाचली. बरीचशी. मग म्हणाली, "नऊ वर्षांत यात मी कुठेच नाही." त्यानंतर दोन दिवस कामापुरतं बोलणं. मी समजावून सांगितलं, की ही माणसांची वहीच नाही, यात कोणीच नाही. तिला पटत नाही. तीही नोकरी करते, सकाळी साडेसातला निघते. मी जेवणाची सुट्टी घेत नाही, जागेवरच खातो, तेवढ्यात दोन शीट बघून होतात, म्हणजे घरी लवकर येता यावं. हे सगळं तिला कसं समजवावं? आणि वहीला कुलूप लावलं तर ती आणखी दुखावेल का?*

*— नोंदी ठेवणारा*

कुलुपाचं आधी आटपू. दुसऱ्याची वही न विचारता वाचू नये. त्यांचं चुकलं. कुलूप लावायचं तर लावा, नाही तर कपाटात वर टाका. तुमच्या पत्राचा विषय तो नाहीच.

तुमच्या तीन नोंदी मी चार वेळा वाचल्या. सोमवारचा पाऊस तर मला दिसला. अकरा मिनिटं! पाऊस किती मिनिटं पडला हे मोजणारा माणूस मला अजून भेटला नव्हता. "थेंब मोठे, तिरके" वाचून मी उठून आमच्या खिडकीपाशी गेले, बाहेर काहीच नव्हतं, तरी गेले. तेव्हा तुम्हाला बघता येत नाही, लिहिता येत नाही, मन कोरडं आहे, असलं काही मी तुम्हाला म्हणणार नाही. तुम्हाला उत्तम बघता येतं. म्हणूनच मला तुमचा राग आला.

सोमवार: डबा. बुधवार: डबा.

दोन अक्षरं, पूर्णविराम, बिस्किटं.

आणि मधल्या मंगळवारी? सूप पातळ, मिरी जास्त, भात मोकळा, फळांचे काप, त्यातला एक आंबट. कुठल्या तरी अनोळखी स्वयंपाकघरात कोणाचा तरी मिरीवर हात जास्त पडला, आणि तो हात तुमच्या वहीत कायमचा नोंदला गेला. तुम्ही म्हणता, यात कोणीच नाही. ऑडिटर आहे. तुम्ही आहात, "एक माझी" असं प्रामाणिकपणे लिहून. तो मिरीवाला आहे. नाही ती एकच व्यक्ती, आणि तिने तुम्हाला तेच सांगितलं. तुम्ही तिला वहीचा हेतू समजावत बसलात.

डबा कोण भरतं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आपोआप भरत असावा. पण हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. तुम्ही स्वतः भरत असता, तर आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक असतं आणि तुमच्यासारख्या माणसाने ते लिहिलंही असतं. "आज मीठ विसरलो", "कालचंच उरलेलं" असं काहीतरी. ज्यात आपला हात नसतो त्याचंच असं एका शब्दात गाठोडं होतं.

वर्षाला अडीचशे दिवस कामाचे धरले आणि त्यातले पंचवीस बैठकांना आणि रजांना सोडून दिले, तरी नऊ वर्षांत दोन हजारांवर डबे होतात. तुम्ही हिशेबातले आहात. दोन हजारांहून जास्त व्यवहार एकाच शीर्षाखाली, तपशिलाचा रकाना कोरा, असा ताळेबंद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही सही केली असती?

वाऱ्याचे तुमचे आकडे मला आधी कळले नाहीत. ३ काय, १ काय. मग लक्षात आलं, ही ब्यूफर्टची मोजपट्टी. फ्रान्सिस ब्यूफर्ट हे नौदलातले अधिकारी. १८०५ च्या सुमारास त्यांनी ती आखली, तेव्हा हाताशी यंत्र नव्हतं, वारा जहाजाच्या शिडांचं काय करतो यावरून आकडा ठरायचा. जमिनीवरच्या खुणा पुढे आल्या: धूर सरळ वर गेला तर ०, तो नुसता कलला तर १, चेहऱ्याला वारा लागला आणि पानं सळसळली तर २, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर ३. असं करत १२ पर्यंत. म्हणजे वाऱ्यासाठी तुमच्याकडे तेरा पायऱ्या आहेत. पानं नुसती सळसळली की डहाळ्यांसकट हलत राहिली, हा फरक तुम्ही ऑफिसच्या काचेतून टिपता. आणि हातभर अंतरावर, तुमच्या पुढ्यात उघडलेल्या डब्यासाठी पायरी एकच.

तुमच्या बाजूने एक साक्षीदार मीच उभा करते. जॉन डाल्टन, अणुसिद्धान्तवाले. त्यांनी १७८७ मध्ये हवेच्या नोंदी लिहायला घेतल्या आणि १८४४ मध्ये, मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिल्या. ५७ वर्षं, दोन लाखांच्या वर नोंदी. शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे, आणि तीही पावसाचीच: आज थोडा झाला, एवढीच. मला हा माणूस फार आवडतो. तुमच्यासारखाच, नेमाने नोंदी ठेवणारा. पण डाल्टन जन्मभर अविवाहित राहिले. त्यांना चाललं.

आमच्या घरातही एक हवेची वही आहे, वडिलांची. माझ्या जन्माच्या तारखेला तिच्यात "ढगाळ" एवढंच आहे. मी त्यावर आयुष्यभर हसत आले. आई कधी हसल्याचं आठवत नाही.

आता ती चारची बिस्किटं. तुम्हाला वाटत असेल त्यांचा इथे काय संबंध. तुम्ही शीट बघत जेवता. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४४ माणसं, सगळ्यांना नऊ पदार्थांचं तेच ते जेवण. निम्म्यांनी नुसतं जेवायचं, निम्म्यांनी जेवताना कम्प्युटरवर पत्ते खेळायचे. अर्ध्या तासाने सगळ्यांपुढे बिस्किटं ठेवली, तर पत्ते खेळणाऱ्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ली. पोट भरल्याचं त्यांना कमी जाणवत होतं, आणि नऊ पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले हेही त्यांना नीट सांगता येईना. त्याआधी, १९९८ मध्ये, पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृती पार गेलेल्या दोन रुग्णांचं लिहून ठेवलंय: जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा ताट पुढे आलं की ते पुन्हा जेवायला बसत. आपण जेवलोय हे पोट एकटं ठरवत नाही, आठवणही ठरवते. तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे, अकरा मिनिटं लक्षात राहतात तुमच्या. पण एक वाजता तुम्ही जेवताच कुठे? शीट बघता, हात तोंडाकडे जात असतो. म्हणून चारला पोट विचारतं, जेवलो का रे आपण? आणि रात्री वहीत लिहायला उरतो फक्त डबा. आठवत असतं तर लिहिलं असतंत.

सुट्टी न घेता खाल्लेल्या या जेवणाचं कारण तुम्ही "घरी लवकर येता यावं" असं दिलंय. लवकर घरी येऊन काय करता, ते मात्र पत्रात नाही. जवळजवळ दोनशे शब्दांत ऑफिस आणि आभाळ, घरातली संध्याकाळ कुठेच नाही. असो, एका पत्रात एकच भांडण.

मला सारखं एक चित्र दिसतंय. तुमच्या बायको साडेसातला निघतात, म्हणजे डबे दोन भरले जात असणार, आणि दोन्हींत तेच असणार, कोणी पहाटे दोन वेगळे स्वयंपाक करत नाही. दुपारी एकच्या सुमाराला शहराच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच पातेल्यातलं खात असतात. एकीला माहीत असतं की आज घाईत जरा जास्त परतलं गेलं, दुसऱ्याच्याही जिभेला लागेल, संध्याकाळी काही म्हणेल का. दुसरा रकाने बघत असतो. संध्याकाळी तो काही म्हणत नाही. हे तिने नऊ वर्षं "चाललं असेल" म्हणून सोडून दिलं असेल. मग तिने वही उघडली, आणि परक्या सुपातली मिरी वाचली.

मला विचाराल तर त्या दोन दिवसच गप्प बसल्या हे फार झालं.

तेव्हा तिला समजवायचं काही नाही. एकच करा. उद्यापासून तीस दिवस तुमच्या वहीत "डबा" हा शब्द बंद. खाल्लेलं लिहायचं, भांडं नाही. पावसासारखं लिहा: किती वाजता उघडला, वरच्या कप्प्यात काय, खालच्यात काय, कोमट की गार, काल होतं तेच की वेगळं, काय उरलं. "छान होतं" चालणार नाही, तो वारा ० झाला. शीट बंद केल्याशिवाय हे जमायचं नाही, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. माणसांची वही करू नका, मन मोकळं करू नका, बायकोचं नावही लिहू नका. तुमचे तीन रकाने तसेच राहू देत, तिसरा फक्त पहिल्या दोन्हींइतका खरा भरा. आणि हे चाललंय म्हणून तिला सांगायला जाऊ नका. वही दाखवायला तर मुळीच नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही अडाल. खालच्या कप्प्यात जे आहे ते आवडलंय, ओळखीचं आहे, शंभरदा खाल्लंय, आणि नाव माहीत नाही. किंवा नाव माहीत आहे पण त्यात तो आंबटपणा कशाचा, ते नाही. अंदाज लिहू नका, तुम्ही पावसाचाही लिहीत नाही. संध्याकाळी विचारा, "आज खाली होतं त्यात आंबट काय होतं?" त्या तुमच्याकडे जरा वेळ बघतील. बघू द्या.

आणि एक चूक राहिली, हवेच्या रकान्यातली. तुमची सोमवारची हवा ९.४० ला सुरू होते. साडेसातला निघणारी बाई दोन डबे भरून निघते, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात दिवा सहाच्या आत लागत असणार. त्या वेळी बाहेर काय असतं? धुकं? वारा किती? समोरच्या झाडाची पानं हलतात की नाही? तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमच्या घरात एका माणसाला रोज ठाऊक असतं. नऊ वर्षं, पहाटेची एकही नोंद नाही. गजर पावणेसहाचा लावा. ओट्यासमोर खिडकी असेलच, तिथे उभे राहा. हात रिकामे असतील तर त्या काहीतरी सोलायला देतील.