लेस्टरच्या वाचकाचा प्रश्न : नवशिक्याने पहिलाच मेटल डिटेक्टर दीड हजार पौंडांचा घ्यावा का?

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देते. आपण पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहता आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करता. महिन्याचा घरखर्च २,६०० पौंड आहे, दरमहा ३५० पौंड शिल्लक पडतात आणि बँकेत आजवर ७,२०० पौंड साठले आहेत. चौदा महिन्यांनी तिघांचेही स्थायी वास्तव्याचे अर्ज करायचे आहेत. एका सहकाऱ्याबरोबर दोन रविवार शेतात फिरल्यावर आणि त्याला मध्ययुगीन चांदीची पेनी सापडताना पाहिल्यावर आपल्याला या छंदाची ओढ लागली. आता मायनलॅब कंपनीचा मँटिकोर हा १,४५० पौंडांचा डिटेक्टर आणि ३५० पौंडांचे इतर साहित्य असा १,८०० पौंडांचा संच आपण ऑनलाइन नोंदवला आहे. त्यापैकी १०० पौंड आगाऊ भरले असून उरलेले १,७०० पौंड बिनव्याजी दहा हप्त्यांत फेडायचे आहेत. यंत्र अजून घरी आलेले नाही.

माझे मत असे, की ही नोंदणी रद्द करावी, छंद मात्र जरूर सुरू करावा आणि त्यासाठी सर्व साहित्यासह ५०० पौंडांची मर्यादा घालून घ्यावी.

यंत्राची चर्चा करण्याआधी घरचा हिशेब पाहू. आजचे ७,२०० आणि चौदा महिन्यांत पडणारे ४,९०० मिळून १२,१०० पौंड होतात. स्थायी वास्तव्याच्या अर्जाचे शुल्क २०२५ मध्ये एका व्यक्तीमागे सुमारे ३,००० पौंड होते, लहान मुलांना त्यात सवलत नाही, म्हणजे तिघांचे मिळून किमान ९,००० पौंड जातील. अर्जासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचे आणि कागदपत्रांचे खर्च वेगळे. हाती उरतील फार तर ३,१०० पौंड, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च. त्यातून १,८०० पौंड वजा केले तर १,३०० उरतात आणि ते पंधरा दिवसच पुरतील. आपल्यासारख्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी नवी कंपनी, शोधण्यासाठी साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते. त्या काळात घरभाडे, कौन्सिल टॅक्स आणि मुलीचा खर्च थांबत नाही, आणि सरकारी मदतीचे बहुतेक मार्ग आपल्या व्हिसाच्या अटींमुळे बंद असतात. म्हणून आपल्या घरासाठी आपत्कालीन गंगाजळी इतरांपेक्षा मोठी हवी, आणि नेमकी तीच आज अपुरी आहे.

हप्ता बिनव्याजी आहे, हे खरे. परंतु महिन्याला १७० पौंड म्हणजे आपल्या मासिक बचतीचा जवळजवळ अर्धा भाग आहे, आणि तो व्हिसा शुल्कासाठी पैसे साठवण्याच्या नेमक्या काळात जाणार आहे. व्याज लागत नसले तरी ही उधारीच आहे. एखादा हप्ता चुकल्यास सवलत रद्द होऊन व्याज लागते का, हे करारात अवश्य वाचावे.

आता आपल्या युक्तिवादांकडे वळते. आपण लिहिता, की स्वस्त यंत्र घेऊन वर्षभराने महाग घ्यावे लागणारच असेल, तर दोनदा खर्च कशाला? हा मुद्दा मी हलका मानत नाही. या छंदातील चांगल्या यंत्रांना जुन्या बाजारात बऱ्यापैकी किंमत येते, त्यामुळे खरा खर्च म्हणजे खरेदी आणि विक्री यांतील फरक. समजा, आपण २५० पौंडांचे यंत्र घेतले आणि वर्षभराने १५० ला विकले, तर शिकण्याची किंमत १०० पौंड पडली. उलट १,४५० चे यंत्र घेऊन छंद सुटला आणि ते १,००० ला विकावे लागले, तर ४५० पौंड गेले. शिवाय वरच्या श्रेणीत नवे मॉडेल बाजारात आले की आधीच्या मॉडेलची किंमत उतरते. दोनदा खरेदी करण्याची भीती आकड्यांत मांडली की फारशी मोठी राहत नाही.

महाग यंत्रात काय अधिक मिळते, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. मँटिकोर किंवा फ्रान्समधील एक्सपी कंपनीचे ड्यूस टू ही उत्तम यंत्रे आहेत. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणे, गंजलेल्या खिळ्यांच्या गर्दीत एका सिग्नलपासून दुसरा वेगळा काढण्याचा वेग, आवाजातील बारकावे आणि जमिनीनुसार सूक्ष्म जुळवणी यांसाठी ती ओळखली जातात. जुन्या वस्तीच्या जागी, जिथे पावलापावलावर लोखंड आहे, तिथे अनुभवी माणसाला या गुणांचा खरोखर लाभ होतो. पण तो लाभ घेण्यासाठी कान तयार व्हावा लागतो. नवशिका बहुधा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, शेवटपर्यंत वाढवतो, विजेच्या तारांमुळे आणि जमिनीतील खनिजांमुळे यंत्र सतत कुरकुरते, आणि त्या गोंगाटात चांगला सिग्नल हरवतो. खोलीच्या बाबतीतही किंमत सहापट म्हणून खोली सहापट, असे होत नाही. नाणे किती मोठे आहे, आडवे आहे की उभे, माती कशी आहे आणि जमिनीवरून फिरवायची चकती (कॉइल) केवढी आहे, यांवरच बरेच काही ठरते.

एक मर्यादा तर कोणत्याही किमतीचे यंत्र ओलांडू शकत नाही. पडद्यावर दिसणारा टार्गेट आयडीचा आकडा वस्तूचे नाव सांगत नाही, तो मुख्यतः तिची विद्युतवाहकता आणि आकार यांचा अंदाज असतो. सोन्याची लहान अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे पुष्कळदा एकाच पट्ट्यात येतात. कचरा टाळण्यासाठी तो पट्टा बंद केला, तर सोनेही गाळले जाते. म्हणजे खणणे आलेच, आणि त्यात बहुतेक वेळा शिसे, बटणे आणि फॉइल निघणार, हेही आले.

यावरून आपल्या दुसऱ्या युक्तिवादाकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. ‘एक चांगला शोध लागला की यंत्राचे पैसे वसूल होतील,’ असे आपण लिहिले आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशर परगण्यात सापडलेल्या सोन्याचांदीच्या ठेव्याचे मूल्य ३२.८५ लाख पौंड ठरले आणि ते शोधक व शेतमालक यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले, ही गोष्ट खरी आहे. १९९२ मध्ये सफोक परगण्यात हॉक्सन येथे शेतात हरवलेला हातोडा शोधताना रोमन सोन्याचांदीचा प्रचंड साठा मिळाला, हेही खरे आहे. परंतु अशा घटनांच्या आधारे घरखर्चाचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. आपल्या सहकाऱ्याला मिळाली तशी सामान्य, झिजलेली पेनी विकायला काढली तर बहुतेकदा शंभर पौंडही येत नाहीत, आणि त्यातही शेतमालकाचा वाटा असतो.

आपल्याच लेस्टरशर परगण्यातील हॅलटनचे उदाहरण मला या ठिकाणी अधिक उपयोगाचे वाटते. तेथील स्थानिक इतिहासप्रेमी गट नांगरलेल्या शेतांतून नुसत्या डोळ्यांनी खापरे आणि हाडे वेचत होता. त्या खुणांवरून जागेचे महत्त्व लक्षात आले आणि मग २००० साली गटातील एका सदस्याने तिथे डिटेक्टर फिरवला, तेव्हा लोहयुगातील नाणी मिळाली. पुढच्या रीतसर उत्खननात नाण्यांची संख्या ५,००० च्या वर गेली आणि एक रोमन शिरस्त्राणही निघाले. तो शोध योग्य जागेमुळे, शेतमालकाच्या संमतीमुळे आणि चिकाटीने केलेल्या निरीक्षणामुळे लागला. आपल्या पत्रात यंत्राविषयी दोन पाने आहेत, पण आपल्याला कोणत्या शेतात जाता येणार आहे याविषयी एक ओळही नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक जमिनीला मालक असतो, त्याच्या परवानगीवाचून डिटेक्टर फिरवता येत नाही, आणि संरक्षित स्मारकांच्या जागी १९७९ च्या कायद्यानुसार स्वतंत्र सरकारी परवाना लागतो. पीक उभे असताना बहुतेक शेते बंदच असतात. परवानगी हाती नसेल, तर दीड हजारांचे यंत्र कपाटात राहील.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार किमान ३०० वर्षे जुनी आणि वजनाने किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, अथवा एकाच ठेव्यातील तशी दोन किंवा अधिक नाणी मिळाल्यास १४ दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. २०२३ पासून विशेष महत्त्वाच्या, २०० वर्षांहून जुन्या इतर काही धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस मिळते, परंतु प्रक्रियेला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. हेरफर्डशरमध्ये २०१५ साली सापडलेला ठेवा दडवणाऱ्या दोघांना तुरुंगात जावे लागले. आपल्या वास्तव्याचा अर्ज समोर असताना अशा गुन्ह्याची सावलीही परवडणारी नाही. म्हणून पहिल्याच दिवशी शेतमालकाशी वाटणीचा लेखी करार करावा आणि सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याची ओळख करून घ्यावी.

सातारा जिल्ह्यातील वडिलोपार्जित शेतात हेच यंत्र वापरता येईल, ही आपली कल्पना मात्र हिशेबातून पूर्णपणे काढून टाकावी. भारतात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू असून दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुरातन वस्तूंचा व्यवहार आणि निर्यात यांवर १९७२ च्या कायद्याची कडक बंधने आहेत, आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात खणणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमधील छंदासारखी व्यवस्था आपल्याकडे नाही. गावात डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याविषयी काय बोलले जाईल आणि शेतात रात्री कोण येऊन उकरू लागेल, याचा विचार करा. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगडाजवळ लोक टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन रात्री शेते खणत होते, हे आपण वाचले असेलच.

आता पाचशे पौंडांत काय बसते ते पाहू. मायनलॅबच्याच व्हँक्विश मालिकेतील मधले यंत्र साधारण अडीचशे पौंडांच्या आसपास मिळते आणि तेही एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालते. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचे सिम्प्लेक्स हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे. उरलेल्या पैशांतून चांगला पिनपॉइंटर घ्यावा, कारण खड्ड्यातील वस्तू नेमकी कुठे आहे हे तो सांगतो आणि पहिल्या महिन्यांत महाग यंत्रापेक्षा जास्त वेळ वाचवतो. एक मजबूत फावडे घ्यावे आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा देणाऱ्या नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्यत्व घ्यावे. क्लबच्या सामूहिक शोधदिवसांना गेल्यास परवानगीची अडचणही सुरुवातीपुरती सुटते. हे ५०० पौंड गेल्यावर अर्जानंतर आपल्या हाती २,६०० म्हणजे बरोबर एका महिन्याचा खर्च उरेल. ही रक्कमही मला कमीच वाटते, परंतु आठवडाभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाने रविवारी मोकळ्या हवेत जावे, याचे मोल मी शून्य धरत नाही.

खरेदी क्रेडिट कार्डाने करावी आणि बिल त्याच महिन्यात पूर्ण भरावे. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक किमतीच्या वस्तूबाबत विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. मायनलॅबच्या नकली यंत्रांचा बाजार मोठा असल्याने खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी.

स्थायी वास्तव्य मिळाले, तीन महिन्यांचा खर्च म्हणजे ७,८०० पौंड पुन्हा साठले, आणि तोवर आपल्याकडे किमान दोन शेतांची कायम परवानगी असली, तर मँटिकोर किंवा त्या वेळचे तत्सम यंत्र पावती आणि वॉरंटीसह वापरलेले मिळते का ते पाहावे. तेव्हा माझी हरकत नसेल.

तूर्त नोंदणीचे काम या आठवड्यातच उरकावे. ऑनलाइन खरेदी वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांपर्यंत कारण न देता रद्द करता येते आणि तिला जोडलेला हप्त्यांचा करारही त्याबरोबर संपतो. यंत्र अजून निघालेले नसेल तर परतीच्या पाठवणीचा खर्चही वाचेल. विक्रेत्याला ईमेलने स्पष्ट शब्दांत कळवा, १०० पौंड परत मागा, आणि हप्ते देणाऱ्या कंपनीकडून करार रद्द झाल्याची लेखी पोच घेऊन जपून ठेवा.